माझा कूलर आणि मिलिटरीची दाढ

नवऱ्याने घरातला कूलर उचलून दुसरीला नेऊन दिला, असं मी शेजारच्या आनंदाबाईंना सांगितलं तेव्हा त्या हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. दुसरी कोण, कुठली, हे विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या नवऱ्याचा पार उद्धार करून टाकला. मग मी खुलासा केला की दुसरी म्हणजे मशीन आहे, दात बनवायची, आणि ती छावणीतल्या दवाखान्यात मुक्कामाला आली आहे. आनंदाबाई जरा हिरमुसल्याच.

"मशीनले कूलर कायले लागते व?" त्या म्हणाल्या.

तेच तर मी सकाळपासून विचारत होते.

दात कोरून पोट भरत नाही, असं लोक म्हणतात. आमचं भरलं. माझे यजमान, हवालदार रत्नदीप टाकसांडे, फौजेच्या दंतविभागात आहेत आणि त्यांचं कामच दात कोरण्याचं आहे. जवानाची दाढ खराब झाली की डॉक्टर ती घासून लहान करतात, तिचा ठसा घेतात, आणि त्या ठशावर हे छोट्या सुरीने मेणाची दाढ कोरतात. मग भट्टीत मेण जाऊन त्याच्या जागी पांढरी, पक्की दाढ तयार होते. तिला सगळे कॅप म्हणतात. कॅप बसली की हे खिशातून फुटाणे काढून जवानाच्या हातावर ठेवतात आणि समोर उभं राहून खायला लावतात. कडकड आवाज आला की यांची छाती फुगते. "माह्या हातची दाढ मानूस वर जाताना बी संग नेते," हे वाक्य मी लग्नापासून ऐकते आहे, आणि ते पाहुण्यांसमोर म्हणू नका, हेही लग्नापासून सांगते आहे.

तळेगावला आमच्या घरी हे मला बघायला आले होते, तेव्हा पोहे खाता खाता माझ्याकडे इतकं निरखून बघत होते की माझी मावशी म्हणाली, पोरगा लट्टू झाला. लग्नानंतर कळलं की हे माझी उजवीकडची खालची दाढ बघत होते. ती तेव्हाच किडायला लागली होती. "तुही दाढ मी माह्या हातानं बनवून देईन," असं वचन लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मिळालं. दुसऱ्या बायकांना पैठणीचं मिळतं. अख्ख्या पलटणीला दाढा बसवून झाल्या, पण बायको आपली डावीकडूनच जेवते आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खरं तर थोडा दोष माझ्याही भित्रेपणाचा. ते घासायचं यंत्र सुरू झालं की त्याच्या आवाजानेच माझे पाय गार पडतात.

लग्नानंतर बरीच वर्षं हे अंबाला, जम्मू, आसाम असे फिरत राहिले आणि मी इकडे. पिपरी मेघे गावातलं आमचं घर मी उभं केलं. म्हणजे विटा मिस्त्रीने लावल्या, पण मिस्त्रीशी भांडले मी. आमच्या मुलीला, आकांक्षाला लहानाची मोठी केली. ती आता नागपूरला नर्सिंग शिकते. मग नोकरीच्या शेवटी शेवटी यांना घराजवळची बदली मिळाली, आमच्याच जिल्ह्यातल्या छावणीत. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. रोज जेवायला नवरा समोर बसलेला आहे, हे सुख मला चाळिशी उलटल्यावर मिळालं. घोरतात, पण घोरतात तर घरात.

आणि नेमकी तेव्हा ही मशीन आली.

झालं होतं असं, की फौजेला ठरवायचं होतं, बाजारात दाताच्या डॉक्टरांसाठी जी कॉम्प्युटरवाली यंत्रं मिळतात ती आपल्या कामाची आहेत की नाहीत. ठसा नको, मेण नको. एक कांडी तोंडात फिरवायची, पडद्यावर दातांचं चित्र उमटतं, कॉम्प्युटर त्यावर कॅपचा आकार काढतो, आणि बाजूला ठेवलेली पेटीएवढी चक्की पांढऱ्या ठोकळ्यातून ती कॅप कोरून देते. सकाळी जवान खुर्चीत बसला की संध्याकाळी दाढ घेऊन परत. पण ही यंत्रं शहरातल्या थंडगार दवाखान्यांसाठी केलेली. फौजेत जनरेटरवर काम चालतं, धूळ असते, इंटरनेट कधी नसतं आणि कधी असूनही वापरायचं नसतं. तिथे ती टिकतील का? उन्हात टिकतील का? पुण्याला बसून कुणीतरी नकाशावर ऊन शोधलं असावं आणि बोट आमच्या जिल्ह्यावर ठेवलं असावं. उन्हाच्या बाबतीत आमची कीर्ती फार लांबवर आहे.

दोन कंपन्यांनी आपापली यंत्रं पाठवली. यजमान त्यांना पाहुण्या म्हणत. पहिली पाहुणी दारातूनच परत गेली. तिला प्रत्येक दाताचं चित्र इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरकडे पाठवून विचारायची सवय होती. तपासणीचे प्रमुख कर्नलसाहेब म्हणाले, जवानाच्या तोंडात काय आहे हे फौजेबाहेर कुणाला कळायचं कारण नाही. झालं, बाईसाहेब खोक्यात बसून माघारी.

दुसरी राहिली. तिच्यासोबत ओमप्रकाश नावाचा कंपनीचा इंजिनिअरही राहिला, रायपूरचा, तिशीतला, गोरागोमटा आणि उन्हाने टोमॅटो झालेला.

एका संध्याकाळी जेवताना हे अगदी सहज बोलल्यासारखं बोलले. "मशीन पास झाली तं माही मेजखुर्ची बंद होते म्हनतात मॅडम."

मॅडम म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टर, मेजर अंकिता, कोल्हापूरच्या.

"बंद होते म्हंजे?"

"म्हंजे इथं हाताच्या कामाचा मानूस लागनार नाई. मले तिकडं धाडतील जिथं हातानंच चालते अजून. आसाम, नाई तं आनखी कुठं."

माझा घास तसाच राहिला. "मंग नापास करा ना तिले!"

"मी कोन तिले नापास करनारा? दाढ बसली तं पास, नाई बसली तं नापास." असं म्हणून यांनी वरण वाढून घेतलं. मला मात्र त्या दिवसापासून त्या मशीनचा असा राग बसला की सवतीचाही बसला नसता.

आणि त्याच सवतीला हे माझा कूलर नेऊन देतात!

"अजी, घरातलं मानूस शिजून राह्यलं अन् तुमी कूलर कुठं नेऊन राह्यले?" मी टेम्पोसमोर आडवी झाले.

"अव, पाहुनी हाय ते. तो पोट्टा ओमप्रकाश तं भाजून निघाला. आपल्या गावात आलेल्या मानसाले आपन उन्हात ठेवतो काय? चाचणी संपली का आनतो ना वापस."

वाळ्याच्या नव्या ताट्या लावून घेतलेला कूलर होता माझा. तो गेला, आणि मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पंख्याखाली बसले. पंखा गरम हवा इकडून तिकडे करत होता.

चाचणीची एक अट होती: मशीनच्या खोलीत थंडाव्याचं कोणतंही यंत्र नको. कारण फौजेच्या तंबूत कुठला एसी असणार? रोज संध्याकाळी मॅडम विचारत, "टाकसांडे, एसी बंद होता ना?" आणि हे छातीवर हात ठेवून सांगत, "बंद म्हंजे बंद, मॅडम." खोटं बोलत नव्हते हो. आमच्याकडे मे महिन्यात कूलरला कुणी यंत्र म्हणून मोजतच नाही. घराला छप्पर असतं, भिंती असतात, तसा कूलर असतो. मॅडमनाही इथे तीन उन्हाळे झाले होते. कूलर डोळ्यांसमोर घुर्र घुर्र करत असून त्यांनाही तो दिसेनासा झाला होता. ओमप्रकाशला दिसत होता, पण तो त्याच्या समोरच खुर्ची टाकून बसे, तो कशाला बोलतो!

तर त्या खोलीत काही जवानांच्या दाढांसाठी दोन दोन कॅपा झाल्या. एक मशीनची, ओमप्रकाशने कॉम्प्युटर चालवून केलेली. एक यांच्या हातची, शेजारच्या खोलीत, तिथल्या नेहमीच्या कूलरच्या वाऱ्यात, यांच्या मेजावर केलेली. आणि मशीनची एकही धड बसली नाही. कुणाची हलली, कुणाची हिरडीपाशी टोचली. यांच्या हातच्या सगळ्या बसल्या. फुटाण्यांचा कडकडाट म्हणे व्हरांड्यापर्यंत ऐकू आला.

निष्कर्ष सरळ होता. मशीन उन्हात टिकत नाही. कर्नलसाहेब अंतिम अहवालासाठी येणार होते. तोवर सगळं आवरायचं म्हणून हे कूलर घेऊन घरी आले. आनंदाने मी त्या दिवशी पुरणपोळी केली. मेमध्ये, चुलीसमोर उभं राहून. कूलर आला, नवरा राहिला, सवत नापास. आणखी काय पाहिजे?

हे कूलरसमोर पाय पसरून बसले. वाऱ्याने केस उडत होते. मी चहाचा कप हातात दिला. यांनी तो तोंडाशी नेला आणि चष्मा वाफेने पांढरा झाला. पुसला. पुन्हा कप तोंडाशी नेला, पुन्हा पांढरा. मग हे उठले, कूलरपासून लांब, दाराशी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने चष्मा तापल्यावर तिथून चहा प्यायले. चष्मा अगदी स्वच्छ.

"काय करून राह्यले जी? चहा निवून राह्यला ना."

यांनी चष्मा काढून पुन्हा कूलरसमोर धरला, त्यावर तोंडाची वाफ सोडून बघितली. मग खाली बसले आणि म्हणाले, "सरिता, मशीन उन्हानं नाई हरली. आपल्या कूलरनं हरली."

मला समजावून सांगितलं ते असं. तोंडात फिरवायची जी कांडी, तिच्या टोकाला आरसा असतो. तो आधी थोडा गरम व्हावा लागतो, नाहीतर तोंडातल्या वाफेने धुरकटतो. आमच्या कूलरने तो सारखा गार ठेवला होता. चित्र वरवर स्वच्छ दिसे, पण दाढेच्या कडेला हिरडीपाशी केसाएवढं अंधुक. तेवढ्याने कॅप बसत नाही.

"हे कोनाले माहीत हाय?" मी विचारलं.

"तुले अन् मले."

"मंग झालं तं! पुरनपोळी घ्या."

यांनी पोळी घेतली नाही. आत गेले आणि कपाटातून गोरसपाक बिस्किटांचा जुना डबा घेऊन आले. तो डबा मला माहीत होता, उघडून कधी दाखवला नव्हता. आत कापसावर दाढा होत्या. यांनीच केलेल्या, सुंदर, चकाकत्या. जवानाच्या दाढेचा ठसा घ्यायचा, तात्पुरती कॅप लावून त्याला पाठवायचं, आणि हे इकडे मेण कोरत असतानाच त्याचा हुकूम यायचा की उद्या निघ. तो निघून जायचा. दाढ इथे राहायची. पाठवून दिली तरी तोवर तोंडातलं सगळं बदललेलं असायचं. अशा मालकाविना राहिलेल्या दाढा यांनी बदलीमागून बदली डब्यात घालून हिंडवल्या होत्या.

"मशीन एका दिवसात देते, सरिता," हे म्हणाले. "ते असती तं हा डबा भरलाच नसता."

मी खूप भांडले. आसामचं नाव काढलं, आकांक्षाच्या लग्नाचं काढलं, माझ्या गुडघ्यांचं काढलं. म्हटलं, तुमी सांगाल अन् लोक म्हनतील टाकसांडेनं मुद्दाम केलं, आपली खुर्ची वाचवाले. इतक्या वर्षांची नोकरी, एक डाग नाही, आणि आता शेवटी हे! ते खरंच होतं. यांच्याही चेहऱ्यावर ती भीती होतीच. पण डब्याचं झाकण लावताना हे एवढंच म्हणाले, "मंग काय करू, तू सांग." मी पुरणपोळ्यांवर झाकण आपटलं. राग आला तो या प्रश्नाचाच.

दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांसमोर काय झालं ते यांनीच येऊन करून दाखवलं, दोघांच्या आवाजात.

"किसका कूलर?" कर्नलसाहेब.

"मिसेस का, सर."

"मिसेस को मालूम था?"

"मालूम था, सर. झगडा भी हुआ था."

ओमप्रकाश उसळला म्हणे, की यह तो जानबूझकर किया. मॅडमनी त्याला विचारलं, त्या कूलरसमोर खुर्ची कोणाची होती? तो बसला खाली. कर्नलसाहेबांनी मात्र अहवालाचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, ज्याला मशीन पाडायची होती तो आज इथे बोलायला कशाला आला असता? आणि हुकूम दिला. चाचणी पुन्हा. कुठल्याच खोलीत कूलर नाही. आणि या वेळी कॉम्प्युटर कंपनीचा माणूस चालवणार नाही, कारण सीमेवर कंपनीचा माणूस नसतो. फौजेचा माणूस चालवेल. दोन्ही कॅपा टाकसांडेच करेल, हाताचीही आणि मशीनचीही.

"माह्याशीच माही कुस्ती लावली, सरिता," हे म्हणाले, आणि मग जरा घुटमळले. "अन् दाढ पाह्यजे होती एक. नवीन. पयले ज्याईच्या झाल्या ते तं कामाचे नाई. मी म्हटलं साहेबाले, हाय एक."

"कोनाची?"

यांनी माझ्या उजव्या गालाकडे बघितलं.

आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची! त्या क्षणी पळून माहेरी जावंसं वाटलं. पण मग डोक्यात एक विचार आला आणि मी एकदम शहाण्यासारखी हो म्हणाले. शेवटी कॅप पसंत करणार कोण? जिच्या तोंडात ती बसणार ती. यांच्या हातची दाढ मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? नवरा घरात ठेवायचा असेल तर याहून चांगली संधी येणार नव्हती.

पुढचे दिवस हे ओमप्रकाशजवळ माऊस शिकत होते. घरी येऊन कुरकुर. "मेन कसं वळते ते बोटाले कळते व. ह्या माऊसले काईच कळत नाई." चौकटीवर, ताटावर, माझ्या पाठीवर बोट फिरवून दाढेचे उंचवटे काढून बघत. मग एका संध्याकाळी शीळ वाजवत आले. "जमून राह्यलं," म्हणाले. मला ती शीळ आवडली नाही.

माझी दाढ घासली त्या दिवशी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला होता. छावणीच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं. खोलीत जनरेटरचा आवाज, कूलर नाही, मॅडमच्या कपाळावरून घाम टपटप. त्या म्हणाल्या, "वहिनी, घाबरू नका, डोळे मिटा आणि दुसरं काहीतरी आठवा." मी आसाम आठवला. भीती पळाली, संताप आला, आणि काम कधी झालं कळलंच नाही. मॅडमनी कांडी फिरवली, मग जुन्या पद्धतीचा ठसाही घेतला, आणि तात्पुरती कॅप लावून मला घरी पाठवलं.

काही दिवसांनी निवाडा. कर्नलसाहेब आले, ओमप्रकाश हात चोळत कोपऱ्यात. यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. खिडकीतून यांचं डोकं दिसत होतं, मुद्दाम पाठमोरं. दोन सारख्या डब्या मेजावर. कोणत्या डबीत काय आहे हे मॅडमनाही ठाऊक नव्हतं, चिठ्ठी कर्नलसाहेबांच्या खिशात. मॅडमनी आधी दोन्ही तपासल्या. म्हणाल्या, दोन्ही बसतात, एकही हलत नाही, एकही टोचत नाही. आता तुम्हीच सांगा, वहिनी.

पहिली बसवली. दात टेकवले, जीभ फिरवली. चांगली होती. गुळगुळीत, अंग चोरून बसलेल्या पाहुणीसारखी.

दुसरी बसवली. जीभ फिरवली आणि थबकली.

यांचं एक खूळ आहे. यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात पाणी वळवायचं काम करत. लहानपणी हे त्यांच्यासोबत दांडाला पाणी सोडायला जात. तेव्हापासून यांच्या डोक्यात बसलेलं की पाण्याला वाट पाहिजे. प्रत्येक दाढेच्या मागच्या बाजूला हे एक बारीकसा चर काढतात, जिभेच्या अंगाला उतरणारा, घास तुंबून राहू नये म्हणून. बाकी कुणी तसा काढत नाही, असं यांचं म्हणणं. त्या चराबद्दल मी इतकं ऐकलं आहे की भाजी चिरतानाही तो मला दिसतो. आणि आता तो माझ्या जिभेखाली होता. स्पष्ट, तिरपा, उतार असलेला.

मनात म्हटलं, सापडलात, हवालदार! तोंडावर मात्र साळसूद भाव आणला. "दुसरी," मी सांगितलं. "ही आपली वाटते. घरची."

"नक्की?" कर्नलसाहेबांनी मराठीत विचारलं.

"शंभर टक्के."

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, वाचली आणि ओमप्रकाशकडे बघून मान हलवली. ओमप्रकाशने टाळीच वाजवली. दुसरी मशीनची होती.

माझं तोंड उघडंच राहिलं; मॅडमना 'आ करा' म्हणायची गरज उरली नाही. यांना आत बोलावलं. मला वाटलं, चेहरा पडेल. नवऱ्याचा हात ओळखीन म्हणणाऱ्या बायकोनेच भर दरबारात सवतीला हार घातला होता! मला रडूच येत होतं. मी कसंबसं म्हटलं, "अजी, पन चर... त्या दाढेले चर हाय ना."

हे मोठ्याने हसायला लागले. कर्नलसाहेबांसमोर, सावधान उभे राहून, खांदे हलवत. "हाय ना! माहाच हाय तो. कॉम्प्युटरनं दाढ काढली तं कशी पापडासारखी सपाट. मी माऊसनं चर ओढला त्याच्यात. दोन्ही दाढांमंदी काढला होता, सरिता. पन कूलर नव्हता ना. मेनातला चर त्या उन्हात बसला खाली. लय येळा कोरला, लय येळा बसला. मशीनमंदला नाई वितळला." मग आपल्याच हातांकडे बघत म्हणाले, "म्हंजे पाहाय, इतके वर्सं मी म्हनत होतो माहा हात, माहा हात. त्या हातात अर्धा कूलर होता, अन् मले पत्ता नाई."

हे बोलताना हसत होते, पण डोळे पुसावे लागले. मग सवयीने खिशात हात घातला आणि माझ्या हातावर फुटाणे ठेवले. मॅडम म्हणाल्या, अहो थांबा, अजून पक्की चिकटवायची आहे! चिकटवून झाल्यावर खाल्ले, उजवीकडून. किती वर्षांनी! कडकड आवाज माझ्या स्वतःच्या कानात वाजला, आणि माझा सगळा राग त्या आवाजात कुठल्या कुठे गेला. एवढा चांगला चावा लागत होता, खोटं कशाला बोलू.

मशीन पास झाली. अहवालात एक अट घातली गेली, की ती चालवणारा माणूस आधी हाताने दाढ कोरता येणारा असावा. आणि असा माणूस, जो दोन्ही करू शकतो, तूर्तास सगळ्या फौजेत किती? तर निघाला हुकूम. हवालदार टाकसांडे यांनी ठिकठिकाणच्या छावण्यांत जाऊन बाकीच्यांना शिकवायचं. सुरुवात आसामपासून. नवरा घरी राहावा म्हणून जी दाढ निवडली, तिनेच त्याला गाडीत बसवलं. आनंदाबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग पहिलीच घेवाची होती ना व!"

जाताना यांनी गोरसपाकचा डबा माझ्याकडे दिला. म्हणाले, आता यात भर पडायची नाही, संभाळून ठेव. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, ताट्या भिजवल्या, तोंड माझ्या पलंगाकडे वळवलं आणि मगच बॅग उचलली.

रोज संध्याकाळी फोन येतो. "कूलर चालू हाय काय?" मी म्हणते, हाव, चालू आहे. मग हे आज किती जणांना माऊस धरायला शिकवला ते सांगतात, त्यातला कुणी चर काढायला विसरला तर त्याची कशी हजेरी घेतली तेही. मी ऐकत असते, आणि ऐकता ऐकता माझी जीभ आपोआप उजवीकडे जाते.